दाढी दाट करणारा सुयांचा रोलर : विकण्यापूर्वी हे जाणून घ्या

मुंबईत क्रॉफर्ड मार्केट आणि अब्दुल रहमान स्ट्रीटच्या परिसरात सौंदर्यप्रसाधनांचा घाऊक माल भरायला येणाऱ्या दुकानदारापुढे आता एक निराळीच वस्तू ठेवली जाते. वीतभराहून लहान दांडी, तिच्या टोकाला फिरता रूळ आणि रुळावर दाटीने बसवलेल्या बारीक सुया. भिंत रंगवण्याच्या रोलरची लहान प्रतच म्हणा. खोक्यावर भरघोस दाढीच्या तरुणाचे चित्र असते आणि आत दाढीच्या तेलाची एक बाटली. ‘दाढी दाट करणारा संच’ या नावाने हा माल दीड-दोनशे रुपयांपासून मिळतो. घाऊक आणि किरकोळ भावात चांगले अंतर असल्याने त्याला उठावही आहे.

हा माल ठेवावा की नाही, अशी विचारणा अनेक दुकानदार आणि सलूनवाले बांधव आमच्याकडे करीत असतात. त्यामागोमाग दुसरा प्रश्न येतोच : याने दाढी खरोखर येते काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय पहिल्याचे देता येत नाही. म्हणून या लेखात आम्ही दोन्हींचा विचार करणार आहोत.

आमच्या परिचयाच्या एका दुकानदाराचा अनुभव आधी सांगतो. त्यांच्याकडून एका विद्यार्थ्याने रोलर नेला. आठवड्यातून एकदा फिरवून काय होणार, असे वाटून त्याने तो रोज फिरवला. गालावर आधीच मुरुम होते. ते पसरले, पिकले आणि बसल्यावर मागे काळे डाग राहिले. महिन्याभराने मुलाचे वडील दुकानात आले. त्यांनी आरडाओरडा केला नाही, पैसेही मागितले नाहीत. एवढेच विचारले, “भाई, देताना तुम्ही पोराला काय सांगितले होते?” दुकानदारांनी काहीच सांगितले नव्हते. खोके त्यांनी स्वतः कधी उघडूनही पाहिले नव्हते. “त्या प्रश्नाने मला जेवढी शरम वाटली तेवढी वीस वर्षांच्या धंद्यात वाटली नव्हती,” असे ते आम्हाला म्हणाले.

गिऱ्हाईक कोण आहे?

या मालाचे गिऱ्हाईक बहुधा अठरा ते बावीस वर्षांचा तरुण असतो. कोणाला दाढी फॅशन म्हणून हवी असते. आपल्या समाजात दाढीला धार्मिक महत्त्व असल्यामुळे कोणी ती मनापासून ठेवू पाहतो. पण हनुवटीवर केस आणि गाल मोकळे, अशी त्याची अवस्था असते. मित्रांची थट्टा, नातेवाइकांचे टोमणे त्याला सहन करावे लागतात. असा मुलगा दुकानात येतो तेव्हा घासाघीस करीत नाही. तो उपाय मागतो आणि दुकानदार सांगेल त्यावर विश्वास ठेवतो.

त्याला सर्वांत आधी सांगण्याची गोष्ट अगदी साधी आहे. दाढी एकदम येत नाही. वयात आल्यावर पुरुषी संप्रेरकांच्या परिणामाने चेहऱ्यावरील बारीक लव हळूहळू जाड, काळ्या केसांत बदलते. अनेकांच्या बाबतीत हे काम पंचविशीपर्यंत, काहींच्या बाबतीत तिशीपर्यंत चालू राहते. केसांची मुळे माणूस जन्माला येतो तेव्हाच ठरलेली असतात आणि त्यांतील किती मुळे संप्रेरकांना साथ देणार हे बरेचसे आनुवंशिकतेवर अवलंबून असते. म्हणूनच एकाच घरातील वडील, चाचा आणि मुले यांच्या दाढीची ठेवण पुष्कळदा सारखी दिसते.

यात व्यापाराच्या दृष्टीनेही एक मेख आहे. एकोणिसाव्या वर्षी रोलर घेतलेल्या मुलाची दाढी बाविसाव्या वर्षी भरली, तर तो श्रेय रोलरला देतो. ती तशीही भरणार होती, हे त्याच्या लक्षात येत नाही. ‘माझ्या मित्राला गुण आला’ या सांगण्यावर माल खपतो. पण असे सांगणे म्हणजे पुरावा नव्हे.

सुया करतात काय?

रोलरचा उगम दाढीसाठी झालेला नाही. १९९७ मध्ये कॅनडातील कामिरां आणि दूसे या दोघा डॉक्टरांनी गोंदण्याच्या यंत्राने, शाई न वापरता, जुन्या व्रणांवर सुया टोचल्याचे आणि त्याने व्रण सुधारल्याचे प्रसिद्ध केले. पुढे दक्षिण आफ्रिकेतील प्लास्टिक सर्जन डेस्मंड फर्नांडिस यांनी अशा सुया फिरत्या रुळावर बसवण्याची पद्धत रूढ केली. मुरुमांचे खड्डे आणि भाजल्याचे व्रण यांवर त्वचारोगतज्ज्ञ हे साधन वापरू लागले. डॉक्टरांच्या नेहमीच्या रोलरवर १९२ सुया असतात आणि तो कारखान्यातूनच निर्जंतुक होऊन येतो.

त्यामागचे तत्त्व असे. सुईने त्वचेला बारीक जखम झाली की ती भरून काढण्यासाठी शरीर त्या जागी वाढीला चालना देणारे घटक सोडते. त्वचेखालील तंतू नव्याने बनतात आणि केसांच्या मुळांनाही चालना मिळू शकते. शिवाय सुयांनी पडलेल्या छिद्रांतून वर लावलेले औषध अधिक प्रमाणात आत शिरते. हा फायदा आहे तसाच धोकाही आहे. कारण औषध ज्या वाटेने आत जाते, त्याच वाटेने घाणही जाते.

पुरावा कोठपर्यंत पोहोचतो?

या विषयातील ज्या प्रयोगाचा जगभर उल्लेख होतो तो आपल्या मुंबईतच झालेला आहे. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयातील डॉ. रचिता धुरत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. डोक्याला टक्कल पडू लागलेले १०० पुरुष त्यासाठी घेतले होते. सर्वांना मिनॉक्सिडिल हे औषध ५ टक्के प्रमाणात दिवसातून दोनदा लावायला दिले. त्यांतील एका गटाला त्याखेरीज आठवड्यातून एकदा दीड मिलिमीटर सुयांच्या रोलरचा उपचार दिला. बारा आठवड्यांनी केस मोजले. रोलर व औषध घेतलेल्या गटात नेमून दिलेल्या जागेवर सरासरी ९१ केस वाढले होते, नुसते औषध लावलेल्या गटात २२.

आकडे प्रभावी आहेत यात शंका नाही. याच प्रयोगाचा हवाला देऊन दाढीचे रोलर विकले जातात. परंतु दुकानदाराने तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, तो प्रयोग डोक्यावरच्या केसांवर झाला, दाढीवर नव्हे. पुरुषी संप्रेरकांमुळे डोक्यावरचे केस गळतात आणि त्याच संप्रेरकांमुळे दाढी येते. तेव्हा एका जागेचा निष्कर्ष दुसऱ्या जागेवर जसाच्या तसा लावता येत नाही. दोन, रोलरसोबत औषध होते, सुवासिक तेल नव्हते. तीन, उपचार रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली झाला.

दाढीवर मिनॉक्सिडिलचा एक प्रयोग थायलंडमध्ये झाला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४८ पुरुष होते. सोळा आठवडे ३ टक्के औषध लावणाऱ्यांच्या दाढीत, नुसते बिनऔषधी द्रावण लावणाऱ्यांपेक्षा अधिक वाढ दिसली. मात्र हा निकाल औषधाचा आहे, त्यात रोलर नव्हता. नुसता रोलर फिरवून किंवा रोलर आणि तेल वापरून दाढी दाट होते, याला असा भक्कम आधार मिळालेला नाही. सारांश असा की, हा उपाय अगदीच निराधार नाही. पण खोक्यावर जे छापले आहे ते सिद्धही झालेले नाही.

धोका कोठे आहे?

सर्वांत मोठा धोका रक्ताचा आहे. रोलर त्वचेला छेदतो. रक्त डोळ्यांना दिसले नाही तरी सुयांवर लागलेले असू शकते. ‘ब’ प्रकारच्या काविळीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात परवाना नसलेल्या एका सौंदर्यगृहात रक्तातील घटक व सुया वापरून चेहऱ्यावर उपचार केले जात होते. ते २०१८ मध्ये बंद करण्यात आले. तेथील तीन ग्राहकांना या उपचारांतूनच एचआयव्हीची लागण झाली असावी, असे तेथील सरकारी तपासात आढळले आणि २०२४ मध्ये तो अहवाल प्रसिद्ध झाला. म्हणून रोलर हा टूथब्रशहूनही खासगी मानावा. भाऊ-भाऊ, मित्र-मित्र, वसतिगृहातील सोबती, कोणीही तो वाटून घेऊ नये.

दुसरा धोका चुकीच्या त्वचेवर वापरण्याचा. पिकलेले मुरुम, नायटा, चामखीळ किंवा ओठांजवळचे पाणीदार फोड असतील तर रोलर ते रोग चेहराभर पसरवतो. ज्यांच्या जखमेचे वण गाठीसारखे फुगतात त्यांनी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी त्यापासून दूरच राहावे. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉईनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोलर हाती घेऊ नये. आपल्याकडील सावळ्या त्वचेवर जखमेनंतर काळे डाग लवकर पडतात आणि जायला महिने लागतात. दाढीत अचानक रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा पडला असेल तर ती चाई असू शकते. तिच्यावर रोलर हा उपाय नव्हे. अशा गिऱ्हाइकाला त्वचारोगतज्ज्ञाचा रस्ता दाखवावा.

माल ठेवायचाच असेल तर

ज्यांना हा माल ठेवायचा आहे त्यांनी पुढील पथ्ये पाळावीत.

आयात करणाऱ्याचे नाव, पत्ता, कमाल किंमत, महिना-वर्ष आणि कोणत्या देशाचा माल, हे खोक्यावर छापलेले असलेच पाहिजे. बिनानावाचा माल स्वस्त असतो. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे उत्पादकाचा पत्ताच लागत नसेल तर इजेची जबाबदारी विकणाऱ्यावर येऊ शकते. उत्पादकाने न दिलेली हमी दुकानदाराने स्वतःच्या तोंडाने दिली तरी तो अडकू शकतो. ‘तीन महिन्यांत दाढी, गॅरंटी’ हे वाक्य म्हणूनच महागात पडणारे आहे.

रोलर सीलबंद आहे का ते पाहावे. अनेक स्वस्त रोलरवर सुट्या सुया नसतात, पत्र्याच्या चकत्यांना कापलेले दाते असतात. त्यांनी त्वचेला टोचण्याऐवजी चिरा पडतात. सुईची लांबी हाही महत्त्वाचा मुद्दा आहे. घरी वापरण्यासाठी पाव ते अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे जाऊ नये. एक-दीड मिलिमीटरच्या सुया डॉक्टरांच्या हातच्या आहेत. त्या काउंटरवर ठेवूच नयेत. एकदा उघडलेला रोलर परत घेऊन पुन्हा विकणे तर कोणत्याही परिस्थितीत नको.

मिनॉक्सिडिल हे औषध आहे. औषधविक्रीचा परवाना नसलेल्या दुकानात ते विकता येत नाही आणि ते घ्यावे की नाही हे डॉक्टरांनी सांगायचे असते.

गिऱ्हाइकाला द्यायच्या सूचना एका चिठ्ठीवर मराठीत छापून घ्याव्यात. आठवड्यातून एकदाच वापरा. आधी चेहरा स्वच्छ धुवा. वापरण्यापूर्वी व नंतर रोलर ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवून वाळवा. जोर देऊ नका. रोलर फिरवल्याबरोबर सुवासिक तेल किंवा औषध लावू नका. सुई वाकली किंवा बोथट झाली की रोलर टाकून द्या. टाकताना डब्यात बंद करा, म्हणजे कचरा उचलणाऱ्याच्या हाताला इजा होणार नाही. शंभर चिठ्ठ्यांना खर्च तो किती?

सलूनवाल्यांना विनंती

आमच्या सलमानी बिरादरीतील आणि इतर कारागीर बांधवांना एक विनंती आहे. गिऱ्हाईक कितीही मागे लागले तरी सलूनमध्ये कोणाच्या चेहऱ्यावर रोलर फिरवू नका. एकच वस्तरा धारेला लावून सर्वांना वापरण्याचा काळ आपण मागे टाकला. आता प्रत्येकासाठी नवे पाते लावले जाते आणि ते गिऱ्हाइकासमोर लावले जाते. त्यातून धंद्याला विश्वास मिळाला. सुयांचा रूळ पात्यासारखा बदलता येत नाही. अल्कोहोलमध्ये बुडवून तो धुतल्यासारखा दिसतो. पण दुसऱ्याच्या चेहऱ्यावर फिरवण्याइतका निर्जंतुक होत नाही.

विरळ दाढीच्या तरुणासाठी कारागिराकडे याहून चांगली गोष्ट आहे, ती म्हणजे त्याची कात्री. दाढीचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. दीड-दोन महिने दाढी न छाटता वाढू दिली तर बाजूचे केस मोकळी जागा बरीच झाकतात. गालावरची रेघ कोठे घ्यायची, हनुवटीखाली किती ठेवायचे, कोठे लहान आणि कोठे लांब, हे जाणणारा कारागीर विरळ दाढीलाही शोभा आणतो. असा तरुण दर पंधरवड्याला परत येतो. रोलर विकत घेणारा एकदाच येतो.

वर सांगितलेल्या दुकानदारांनी रोलर विकणे बंद केलेले नाही. मात्र आता ते आधी गिऱ्हाइकाचा चेहरा पाहतात, वय विचारतात आणि खोके उघडून समजावून सांगतात. विशीच्या आतल्या मुलाला ते स्पष्ट सांगतात, “बेटा, अजून दोन-तीन वर्षे थांब.” विक्री निम्म्यावर आली आहे. पण त्या मुलाचे वडील आजही त्यांच्याच दुकानातून साबण-तेल नेतात.