गोमेची वाढ

पावसाची झड बसली की खापरखेड्याच्या काळ्या मातीतील भेगा पाण्याने भरून जातात आणि त्यांतील गोमी वसतिगृहाच्या मोरीपाशी आश्रयास येतात. आम्ही विद्यार्थी असताना गोम दिसली की आधी चप्पल शोधीत असू. एकदा मात्र भिंतीलगतची वीट उचलली, तो खाली एक मोठी गोम पिवळसर अंड्यांच्या पुंजक्याभोवती वेटोळे घालून बसलेली. वीट जागच्या जागी ठेवली. पण दुसऱ्या दिवशी राहवले नाही आणि पुन्हा उचलली. अंडी नव्हती. उपद्रव झाला तर मादी पुष्कळदा स्वतःचीच अंडी खाऊन टाकते, हे आम्हांस फार उशिरा कळले.

स्कोलोपेंड्रा या नावाने ओळखली जाणारी ही मोठी गोम अंडी घातल्यावर कित्येक आठवडे ती सोडून हलत नाही. अंडी ती वारंवार चाटते, म्हणून त्यांवर बुरशी चढत नाही. पिले निघतात ती पांढरी, मऊ व जवळजवळ निश्चल. त्यांचे पोषण अंड्यातील बलकावरच होते. आईच्या वेटोळ्यातच ती कात टाकतात, हळूहळू रंग धरतात, आणि शिकार करण्याजोगी झाली म्हणजे एकेक करून पांगतात.

नवल असे की, या पिलांस पायांच्या सर्व, म्हणजे बहुधा २१, जोड्या जन्मापासूनच असतात. पुढे वाढते ते केवळ आकारमान. भिंतीवरून सळसळत जाणाऱ्या लांब पायांच्या गोमेचे मात्र निराळे आहे. तिचे पिलू अवघ्या ४ जोड्या घेऊन येते आणि कात टाकता टाकता १५ जोड्यांपर्यंत पोहोचते. पूर्ण वाढलेल्या गोमेच्या जोड्या विषम संख्येत असतात; तेव्हा 'शतपाद' हे पुस्तकी नाव सार्थ करणारे नेमके शंभर पाय तिला सहसा नसतातच! आणि ती 'चावते' असे आपण म्हणतो खरे, पण विष टोचणारी नखे ही जबड्याची नसून पायांच्या पहिल्या जोडीचेच ते रूपांतर होय.

गोमेचा एक पाय मोडला म्हणून ती लंगडी होत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. म्हण करणाऱ्याने अर्धीच गोष्ट पाहिली असावी. तो मोडलेला पाय पुढील कातीच्या वेळी पुन्हा फुटतो. प्रथम जरा आखूड, आणि नंतरच्या कातींत इतरांच्या बरोबरीचा.