नावे आणि आकडे

दिल्लीस गेलेला प्रवासी इंडिया गेट पाहिल्यावाचून परतत नाही. परंतु त्या कमानीवर कोरलेले एखादे तरी नाव वाचून परतणारे कितीसे असतील? युद्धस्मारकाची खरी कसोटी त्याची उंची ही नव्हे; मृत सैनिकास ते नावाने ओळखते की आकड्याने मोजते, ही होय.

१० फेब्रुवारी १९२१ रोजी ड्यूक ऑफ कनॉट यांनी या स्मारकाची कोनशिला बसविली, तेव्हा जालियनवाला बागेतील हत्याकांडास दोन वर्षेही झाली नव्हती. सर एडविन ल्युटेन्स यांची ही ४२ मीटर उंचीची कमान १९३१ साली पुरी झाली. साम्राज्याने आपल्या वैभवासाठी ती उभारली हे खरेच. तथापि तिच्यावर कोणत्याही एका धर्माचे चिन्ह नाही आणि अलंकरणाचा सोस नाही. ७०,००० हून अधिक भारतीय सैनिकांच्या स्मृतीस वाहिलेल्या त्या पाषाणावर १३,००० हून अधिक नावे आहेत.

इराकमधील बसऱ्याच्या स्मारकास मात्र एवढेही औदार्य साधले नाही. १९१६ साली कूटच्या वेढ्यात मराठा पलटणी उपासमार सोसत होत्या. मेसोपोटेमियाच्या त्या मोहिमेत पडलेल्या ब्रिटिश शिपायाचे नाव तेथील दगडावर आले. भारतीय अधिकाऱ्याचेही आले. भारतीय शिपायाच्या वाट्याला मात्र पलटणीखालचा नुसता आकडा आला. देशावरच्या वा कोकणातल्या ज्या घरातील कर्ता मुलगा गेला, त्या घरास आकड्याने कसले सांत्वन होणार? राष्ट्रकुल युद्धकबरी आयोगाने २०२१ मध्ये या भेदभावाची कबुली देऊन क्षमा मागितली. पण त्या क्षमेस शंभर वर्षे लागली.

या पार्श्वभूमीवर २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रार्पण झालेल्या राष्ट्रीय समर स्मारकाचे मोल ध्यानात येते. चक्रव्यूहाच्या कल्पनेवर रचलेल्या त्याच्या चार चक्रांपैकी त्यागचक्रात स्वातंत्र्योत्तर काळातील २५,००० हून अधिक हुतात्म्यांची नावे आहेत. शिपाई असो वा सेनाधिकारी, प्रत्येकास सारखीच ग्रॅनाइटची शिळा. शिवाय हे स्मारक जुन्या कमानीशी उंचीची स्पर्धा न करता भूमीच्या पातळीखाली उतरते. सार्वजनिक कलेत असा विनय दुर्मीळ होय.

१९७२ पासून कमानीखाली तेवणारी अमर जवान ज्योती २१ जानेवारी २०२२ रोजी नव्या स्मारकाच्या ज्योतीत विलीन झाली, तेव्हा बराच वाद माजला. ज्योत हलली, जुन्या नावांविषयीचे आपले उत्तरदायित्व मात्र हलले नाही, असे आमचे मत आहे. परक्यांच्या युद्धात पडले म्हणून ते सैनिक परके ठरत नाहीत. बसऱ्याच्या आकड्यांस त्यांची नावे परत मिळावीत, यासाठी भारत सरकारने आग्रह धरला पाहिजे. आणि दिल्लीस जाणाऱ्या पालकांनी हिरवळीवर बसण्यापूर्वी मुलांकडून निदान एक नाव मोठ्याने वाचून घ्यावे. एवढ्याने तो सैनिक क्षणभर तरी आपल्या घरी येईल.