दातांना तार बसवण्यापूर्वी

वेड्यावाकड्या दातांना तार बसवायची ठरली की पालक मला पहिला प्रश्न विचारतात, "डॉक्टर, किती महिने?" साधारण दीड ते दोन वर्षे. लग्नाची तारीख काढून येणाऱ्यांना मला नाहीच म्हणावे लागते. दात सरकतो तो हाडातून. दाब पडतो त्या बाजूचे हाड विरघळते, मागे नवे भरते. त्याला घाई चालत नाही.

आधी एक्स-रे व दातांचे माप घेतात. जागा अपुरी असल्यास कधीकधी चांगले दातही काढावे लागतात. तार बसल्यावर तीन-चार दिवस दात ठणकतात, गालाला टोचते. घाबरू नये. वरण-भात, खिचडी खावी. टोचते तिथे डॉक्टरांनी दिलेले मेण लावावे. चिक्की, ऊस वर्ज्य. प्रत्येक जेवणानंतर ब्रश हवाच, नाहीतर तारेभोवती किटण साचते आणि दातांवर पांढरे डाग पडतात. ते सहजासहजी जात नाहीत.

दात सरळ दिसू लागले की पुष्कळजण दवाखान्यात येणेच बंद करतात. पण तार काढल्यावर रिटेनर वापरला नाही, तर दात पुन्हा मूळ जागेकडे सरकू लागतात. म्हणून रिटेनरचा खर्च धरला आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे.