पायांनी पालटणारे सूर

हवाईयन गिटार म्हटली, की आपल्याला आठवते ती सिनेमाच्या गाण्याची लाडिक धून. सूर असा ओघळतो, की ऐकणाऱ्याने उसासा टाकलाच पाहिजे! त्याच कुळातले पेडल स्टील हे वाद्य अमेरिकेत कंट्री गाण्यांत रमले. त्यावर जॅझ वाजेल का, हा वाद माझ्यापुरता तरी बडी एमन्सच्या १९६३ सालच्या 'स्टील गिटार जॅझ' या ध्वनिमुद्रिकेने मिटवला.

जॅझमध्ये स्वरमेळ भराभर पालटतात आणि वादकाने त्यांवर आयत्या वेळी सुरावट रचायची असते. इथे डाव्या हातात तर एक सरळसोट पोलादी कांडी! मग पाय मदतीला येतात. पेडल दाबले, की ठरावीक तारा जागच्या जागी चढतात वा उतरतात. सी-सिक्स्थ जुळणीत पाचव्या रेघेवर कांडी ठेवली, की एफ, ए, सी, डी हे सूर मिळतात, हाच डी-मायनर-सेव्हन्थ. कांडी न हलवता पाचवे पेडल दाबा, जी-नाइन्थ हजर! पाय उचलून बाराव्या रेघेवर या, की सी, म्हणजे घर आले. जॅझची ही नित्याची वाट. आपल्याकडे पलटे घोटतात, तशी ती बाराही पट्ट्यांत घोटायची.

पण खरी कसोटी निराळीच आहे. या वाद्यात मींड फुकट मिळते. सुटा, स्वच्छ सूर मात्र कमवावा लागतो. सुरामागून सूर उजव्या पंजाच्या कडेने गप्प करायचा, नाहीतर तानेचा नुसता चिखल. मींड आवरण्याचा रियाज! आपल्या गवयांना हे सांगून पाहा.