नागनदीची जागा कोणती?

मुलांना नदीचे चित्र काढायला सांगितले, की ती साधारण समांतर अशा दोन वेड्यावाकड्या रेषा काढतात आणि मधल्या जागेत निळा रंग भरतात. नकाशे छापणारेही तेच करतात. त्यामुळे ‘नदी म्हणजे त्या दोन रेषांमधली जागा’ अशी समजूत पक्की होते. पाणी रेषेबाहेर आले, की आपण म्हणतो, ‘नदी शहरात शिरली.’ प्रत्यक्षात बऱ्याच वेळा उलटे झालेले असते.

नागपूरचेच उदाहरण घेऊ. लाव्याच्या टेकड्यांकडून येणारी नागनदी अंबाझरी तलावाच्या सांडव्याखालून शहरात येते. शंकरनगर, झाशी राणी चौक, पंचशील चौक असा प्रवास करून ती सीताबर्डी आणि धंतोलीच्या कडेने पूर्वेकडे जाते. शहराबाहेर पिवळी नदी तिला मिळते आणि पुढे हे पाणी कन्हान नदीत जाते. वर्षाचे दहा-अकरा महिने तिच्याकडे कोणी वळून पाहत नाही, कित्येक जण तिला नालाच म्हणतात. ज्या नदीवरून शहराला नाव मिळाले, तिची ही अवस्था.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तिने सर्वांना जागे केले. मध्यरात्रीनंतर सुमारे चार तासांत १०९ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातला ९० मिलिमीटर तर दोन तासांतच कोसळला. अंबाझरी तलाव आधीच भरलेला होता. त्याच्या सांडव्यावरून पाणी धो धो वाहू लागले. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या वस्त्यांमध्ये लोक झोपेत असतानाच पाणी घरात आले. मोरभवन बसस्थानकावरच्या बसगाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. सुमारे दहा हजार घरांचे नुकसान झाले. किमान चार माणसे दगावली. त्यांत अंथरुणाला खिळलेली एक वृद्ध स्त्री होती.

१०९ मिलिमीटर म्हणजे किती पाणी? वर्गात हे गणित जरूर करून घ्यावे. एक चौरस किलोमीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक हजार घनमीटर, म्हणजे दहा लाख लिटर पाणी होते. १०९ मिलिमीटरचे झाले १० कोटी ९० लाख लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर दर चौरस किलोमीटरला १०,९०० टँकर! आणि नदीच्या पाणलोटात असे अनेक चौरस किलोमीटर असतात.

पण एकूण पाण्यापेक्षा ते किती घाईने येते हे महत्त्वाचे. दोन तासांत ९० मिलिमीटर म्हणजे तासाला ४५ मिलिमीटर. या वेगाने पाऊस पडत असेल तर एका चौरस किलोमीटरवर दर सेकंदाला साडेबारा घनमीटर पाणी पडते. जमीन शेताची किंवा गवताळ असेल आणि समजा तीस टक्केच पाणी वाहून जात असेल, तर नाल्याला सेकंदाला चार घनमीटरपेक्षा थोडे कमी पाणी मिळेल. त्याच जागेवर छपरे, डांबरी रस्ते आणि फरसबंदी अंगणे आली आणि ऐंशी टक्के पाणी वाहू लागले, तर दहा घनमीटर मिळेल. पाऊस तोच, नाला तोच, पाणी अडीचपट. शिवाय गुळगुळीत पृष्ठभागावरून आणि पक्क्या गटारांतून ते लवकर पोहोचते. पूर्वी जे पाणी मागेपुढे येत असे, ते आता एकाच वेळी येते.

अर्थात सगळा दोष काँक्रीटला देणेही बरोबर नाही. सप्टेंबरअखेर जमीन पावसाळाभर पाणी पिऊन तृप्त झालेली असते. तेव्हा उघडी जमीनही फारसे पाणी शोषत नाही.

आता अंबाझरीकडे वळू. शहराला पाणी पुरवण्यासाठी १८७० च्या सुमारास हा तलाव बांधला गेला. त्याच्या सांडव्याला २०२३ साली दरवाजे नव्हते. ठरावीक पातळीच्या वर पाणी चढले की ते आपोआप बाहेर पडणार. पुराच्या वेळी ‘तलावाचे पाणी सोडले’ असे आपण सहज बोलून जातो, पण असा तलाव कोणी सोडत नाही, तो ओसंडतो. एरवी तलाव पुराला काही काळ थोपवतो, कारण आधी त्याचे पोट भरावे लागते. पोट भरलेलेच असेल तर उरते फक्त त्याच्या पसरट पृष्ठभागावर थोडेसे चढणारे पाणी. इथे एक पेच आहे. तलाव तुडुंब भरलेला असावा, ही पाणी वापरणाऱ्याची इच्छा. तो थोडा रिकामा असावा, ही पुराची भीती असणाऱ्याची इच्छा. एकच तलाव दोघांना पूर्ण खूश करू शकत नाही. महाराष्ट्रातल्या मोठ्या धरणांनाही हाच पेच दर पावसाळ्यात सोडवावा लागतो.

सांडव्यानंतरचा मार्ग मोकळा असणे हेही तितकेच आवश्यक. सांडव्याजवळ उभारलेल्या विवेकानंद स्मारकामुळे प्रवाहाला अडथळा होतो, अशी तक्रार पूरग्रस्त रहिवाशांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे नेली. त्या एका बांधकामाचा वाटा किती, हे जलशास्त्रातल्या तज्ज्ञांनी मोजून सांगायचे. आपल्याला त्यामागचे तत्त्व समजले तरी पुरे. वाट अरुंद झाली की तेवढेच पाणी जाण्यासाठी मागची पातळी वाढावी लागते. पुलाची कमान, भिंत, कचऱ्याने भरलेली जाळी, कशानेही हे घडू शकते. पात्राला दोन्ही बाजूंनी उंच भिंती बांधल्या तर तिथले पाणी काठात राहते, पण ते अधिक वेगाने खालच्या वस्तीवर जाते. म्हणजे एकाची सोय ती दुसऱ्याची गैरसोय.

मग नदीची खरी जागा कोणती? मोठ्या पुरात जेवढ्या जमिनीवर पाणी पसरते ती सगळी. या सपाट जमिनीला पूरमैदान म्हणतात. नदीनेच गाळ आणून ती तयार केलेली असते. ती जागा वर्षानुवर्षे कोरडी असते, सपाट असते आणि बाजाराजवळ असते. घर बांधायला आणखी काय हवे?

महाराष्ट्रात ही जागा नकाशावर दाखवण्यासाठी पाटबंधारे खात्याने १९८९ साली परिपत्रक काढले. त्यात दोन रेषा सांगितल्या आहेत. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, किंवा पात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट प्रवाह, यांतला जो मोठा असेल त्याची पाणीपातळी म्हणजे निळी रेषा. सरासरी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आतला भाग निषिद्ध क्षेत्र. तिथे बागा, मैदाने, शेती असे मोकळे उपयोग करावेत. निळी आणि लाल यांच्यामधला भाग नियंत्रित क्षेत्र. तिथे बांधायचे तर जोते पुरेसे उंच हवे आणि सुटकेची वाट हवी.

‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांनी फार घोटाळा केला आहे. पूर एकदा येऊन गेला, आता शंभर वर्षे चिंता नाही, असे सुशिक्षित माणसेही म्हणतात. त्याचा अर्थ इतकाच, की कोणत्याही एका वर्षी तसा पूर येण्याची शक्यता शंभरात एक असते. यंदा येऊन पुढच्या वर्षी पुन्हा येऊ शकतो. फासा मागचे दान लक्षात ठेवत नाही. निळ्या रेषेचे पाहा. दर वर्षी पूर न येण्याची शक्यता २५ मध्ये २४, म्हणजे ०.९६. घरासाठी तीस वर्षांचे कर्ज काढले, तर त्या सगळ्या तीस वर्षांत पूर न येण्याची शक्यता ०.९६ चा तिसावा घात, म्हणजे सुमारे ०.२९. कर्ज फिटायच्या आत एकदा तरी पाणी दारात येण्याची शक्यता सुमारे ७१ टक्के! लाल रेषेवरच्या घरासाठी हेच गणित केले तर २६ टक्के येते. अकरावी-बारावीच्या मुलांना घातांक आणि संभाव्यता यांचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

शिवाय या रेषा मागच्या नोंदींवरून काढलेल्या असतात. वरच्या अंगाला वस्ती वाढली किंवा पावसाची तऱ्हा बदलली, तर कालचा शंभर वर्षांचा पूर आज त्याहून लवकर लवकर येऊ लागतो. म्हणून रेषा अधूनमधून पुन्हा आखाव्या लागतात.

अमेरिकी भूगोलज्ञ गिल्बर्ट व्हाइट यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात आणखी एक गोष्ट दाखवली. बांध आणि धरणे बांधूनही पुराचे नुकसान वाढतच जाते, कारण बांधाच्या भरवशावर लोक पूरमैदानात अधिक गर्दी करतात. म्हणून पाण्याला आवरण्याइतकेच आपल्या वागण्याकडे लक्ष द्यावे, असे त्यांचे म्हणणे. नागपूर जिल्ह्यात याची फार कठोर आठवण आहे. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने नरखेड तालुक्यातले मोवाड उद्ध्वस्त केले. २०४ माणसे गेली. नंतर गावाचे पुनर्वसन करावे लागले.

मोवाडसारखे गाव हलवता येते. धंतोली हलवता येईल का? ही शहराच्या मध्यावरची जुनी वस्ती आहे आणि दवाखान्यांसाठी विदर्भभर प्रसिद्ध आहे. इथे नियोजनाचा प्रश्न ‘कुठे बांधावे’ असा न राहता ‘बांधलेल्यात काय कुठे ठेवावे’ असा होतो. दोन फूट पाणी एखाद्या मैदानात साचले तर खेळ बंद राहतो, एवढेच. मैदानाने तेवढे पाणी पोटात घेतले म्हणून उलट आभारच मानायला हवेत. तेच पाणी इस्पितळाच्या तळघरात उतरले आणि तिथे जनित्र, विजेचा मुख्य फलक किंवा औषधांचा साठा असला, तर वरच्या मजल्यावर कृत्रिम श्वासावर असलेला रोगी धोक्यात येतो. पाण्याची खोली सारखी, संकट वेगळे. जनित्र वरच्या मजल्यावर नेणे, तळघराच्या तोंडाशी उंचवटा करणे, गटाराचे पाणी उलटे येऊ नये म्हणून एकतर्फी झडप बसवणे, ही कामे धरणापेक्षा कितीतरी स्वस्त आहेत. खरे तर त्यांची नावे पूरनियंत्रणाच्या यादीत सहसा नसतात, हेच नवल.

वाहत्या पाण्याच्या जोराचाही अंदाज द्यायला हवा. गुडघाभर, म्हणजे अर्धा मीटर पाणी सेकंदाला दोन मीटर वेगाने वाहत असेल, तर उभ्या माणसाच्या पायांवर साधारण ३० किलो वजनाइतका रेटा येतो. वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट. त्यात खालचे उघडे गटार दिसत नाही.

आणि सूचना? त्या पहाटे शंकरनगर भागातल्या मूकबधिर विद्यालयातील मुलांना बचाव पथकाने बाहेर काढले. भोंगा वाजवून या मुलांना जागे करता आले असते का? सूचना कोणाला, कशी आणि किती आधी पोहोचेल, याचा विचार वस्तीतल्या माणसांची यादी समोर ठेवूनच करावा लागतो. छोट्या नदीवर पाऊस आणि पूर यांत तास-दोन तासांचेच अंतर असते.

शाळेला यात करण्याजोगे पुष्कळ आहे. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी पाण्याने भरून घ्या. नदीकाठच्या वस्तीत ज्यांच्या भिंतीवर पुराची खूण आहे, किंवा ज्यांना पाणी कुठवर आले ते नक्की आठवते, त्यांच्याकडे मुलांना न्या. तिथून नळीच्या साहाय्याने तीच पातळी रस्त्यावरच्या विजेच्या खांबांवर, पुढच्या घरांवर आणि शाळेच्या भिंतीवर खडूने उतरवत चला. पुराचे पाणी उताराने जाते, म्हणून ही पातळी फार लांब ओढू नका, दर शे-दीडशे मीटरवर नवी खूण शोधा. मग त्या खुणा वॉर्डाच्या नकाशावर जोडा. नगररचना कार्यालयात जाऊन विकास आराखड्यावर निळी आणि लाल रेषा आहेत का ते पाहा, असल्या तर मुलांच्या रेषेशी ताडून पाहा. दोन रेषा जुळल्या नाहीत, तर का जुळल्या नाहीत हा पुढच्या तासाचा विषय.