आईची शिदोरी : कोंबडीची आणि आपली

"डॉक्टरसाहेब, गोवराची सुई आजच देऊन टाका ना, नऊ महिने काहून थांबाचं?" सहा महिन्यांचे बाळ कडेवर घेऊन आलेल्या एका आईने मला विचारले. आमच्या आर्णीच्या आसपास खेड्यांत घरोघरी कोंबड्या असतात. तिच्याकडेही होत्या, म्हणून उत्तर मी अंड्यापासूनच सुरू केले.

कोंबडीला एखादा आजार होऊन गेला किंवा लस टोचली, की तिच्या रक्तात त्या आजाराशी लढणारी प्रतिपिंडे तयार होतात. अंडे घालण्यापूर्वीच्या आठ-दहा दिवसांत अंडाशयातील पिवळा बलक झपाट्याने वाढतो. त्या वेळी रक्तातील प्रतिपिंडे बलकाच्या आवरणातून आत घेतली जातात आणि साठून राहतात. एका बलकात ती साधारण १०० मिलिग्रॅम असतात.

खुडूक कोंबडी २१ दिवस अंडी उबवते. बलकाभोवतीच्या पडद्यातून ही प्रतिपिंडे पिल्लाच्या रक्तात जातात. शेवटच्या तीन-चार दिवसांत हे काम सर्वांत वेगाने चालते. अंड्यातून बाहेर पडण्यापूर्वी उरलेला बलक पिल्लाच्या पोटात ओढला जातो. ही आईची शिदोरी दोन-तीन आठवडे पुरते, पुढे संपत जाते. शिदोरी भरपूर असताना लस दिली, तर आईची प्रतिपिंडे लसीलाच निकामी करतात. म्हणून गंबोरोसारख्या रोगाची लस केव्हा द्यायची, याचा हिशेब पोल्ट्रीवाले यावरूनच करतात.

माणसात बलकाचे काम वार करते. आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात, तीही मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. म्हणून दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाची शिदोरी तोकडी असते. गोवराविरुद्धची प्रतिपिंडे सहा ते नऊ महिन्यांत ओसरतात. लस लवकर दिली तर ती नीट लागू पडत नाही, फार उशीर केला तर बाळ उघडे पडते. म्हणून गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली आणि मुले दगावली. तेव्हा साथीच्या भागात सहा महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस देण्याचे ठरले. पण तो हिशेबात न धरता पुढचे दोन्ही डोस घ्यायचेच होते.

१८९३ मध्ये क्लेम्पेरर या जर्मन डॉक्टरांनी कोंबडीला धनुर्वाताविरुद्ध प्रतिकारक्षम केले. तिच्या अंड्याचा बलक टोचलेले उंदीर धनुर्वातापासून वाचले. गरोदरपणी आपण टीडीचे इंजेक्शन देतो, त्यामागे हेच तत्त्व आहे. आईच्या दंडात टोचलेल्या सुईचे संरक्षण पोटातल्या बाळापर्यंत पोहोचते. भारतातून नवजात बालकांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले, त्यात या इंजेक्शनाचा मोठा वाटा आहे.

मग शक्तीसाठी कच्चे अंडे प्यावे काय? मुळीच नाही. बलकातील प्रतिपिंडे आपल्या पोटात पचून जातात, रक्तात पोहोचत नाहीत; उलट कच्च्या अंड्यातून जंतुसंसर्ग होण्याची भीती असते. अंडे उकडूनच खावे.

त्या आईला मी नऊ महिने पूर्ण होण्याची तारीख बाळाच्या कार्डावर लिहून दिली. आपल्याही घरातील कार्ड आज काढून पाहा. तारीख उलटून गेली असेल, तरी लस चुकली म्हणून घरी बसू नका. जवळच्या आरोग्य केंद्रात जा.