जीपगाडीचें स्टिअरिंग ढिलें कां होतें?

खतें व शेतमाल वाहणारी पाट्यांची जीप गाडीवाटेनें दोन-तीन वर्षें चालली, म्हणजे तिचें स्टिअरिंग हातांत ढिलें लागूं लागतें. अशा वेळीं पुष्कळ लोक प्रथम स्टिअरिंगच्या पेटीचा स्क्रू आवळवून घेतात. हें सर्वथा अनिष्ट होय. दोष बहुधा खालच्या सांध्यांत असतो, व स्क्रू फाजील आवळला असतां वळणानंतर चाकें आपोआप सरळ होत नाहींत. पुढें झिजलेला सांधा निखळला तर गाडी चालकाच्या ताब्यांत राहत नाहीं, आणि मागें तर मजूर बसलेले असतात!

गाडी एका बाजूस ओढत असल्यास प्रथम टायरांतील हवा पाहावी. नंतर मागील चाकांस दगड लावून पुढील चाक जॅकवर उचलावें, व आंसाखालीं भक्कम ठोकळा द्यावा. चाक वर-खालीं धरून हलवावें. खेळ दिसल्यास गड्याकडून ब्रेक दाबून धरवावा: खेळ नाहींसा झाला तर बेअरिंग ढिलें, तसाच राहिला तर किंगपिन झिजली. ब्रेक दाबलेला असतांनाच चाक डावी-उजवीकडे हलवावें. खटखट वाजल्यास टायरॉडचे सांधे पाहावे. या एका युक्तीनें निष्कारण सुटे भाग घेण्याचा खर्च वांचतो.

पाट्याचा मधला बोल्ट तुटला असल्यास आंस सरकून गाडी तिरपी चालते, तोहि पाहावा. टायरॉडचा सांधा बदलल्यावर चाकांचें अलाइनमेंट अवश्य करून घ्यावें. नाहींतर नवे टायर थोड्याच दिवसांत एका कडेनें झिजतात.